दोन एल्स्पेट

पोर्टकार्न, २ नोव्हेंबर १९०८

बाबी,

अक्षर माझं आहे म्हणून पत्र लगेच चुलीत टाकू नकोस. आधी वाच, मग खुशाल टाक. तुझ्या आईनं लिहायला लावलंय. एरवी तिची पत्रं शाळेचे मास्तर लिहितात, पण ते खोकल्यानं अंथरुणाला खिळलेत. म्हातारी माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "जेसी, तुमची भांडणं मी मेल्यावर भांडा. मला आत्ता पत्र हवंय." यावर काय बोलणार?

तर तिचा निरोप असा: गुडघे सोडले तर ती ठणठणीत आहे. तुझ्या धाकट्याला दात आले का? विनिपेगची थंडी म्हणे समुद्रसुद्धा गोठवते. मी सांगितलं की तिथं समुद्रच नाही, तर डोळे विस्फारून म्हणाली, "अगं बाई! मग माणसं दिवसभर करतात तरी काय?"

इथं सध्या एकच विषय, पेन्शन. सत्तरी उलटलेल्या म्हाताऱ्यांना नवं सरकार जानेवारीपासून दर आठवड्याला पाच शिलिंग देणार, पोस्टात, हातात, मरेपर्यंत. कुणाच्या पाया पडणं नाही, कुणाचे उपकार नाहीत. आमची आई आधी हसली. "लंडनवाल्यांनी मला आजवर एकच गोष्ट दिली, ती म्हणजे कर." पण पोस्टाच्या दारावर कागद लागला तशी गप्प बसली. कोळवाड्यातल्या म्हाताऱ्यांची तर मजाच झाली आहे. परवापर्यंत ज्या साठीच्या होत्या त्या रातोरात सत्तरीच्या झाल्या. तुझ्या माझ्या आईला खोटं बोलायची गरज नाही. दोघींची सत्तरी कधीच उलटली.

अट एकच आहे. यंदाच्या वर्षात ज्यानं पॅरिशचं खाल्लं, म्हणजे गरिबांना गावाकडून फुकट धान्य वाटतात ते घेतलं, त्याला पेन्शन नाही.

चौकशीला एक साहेब आला होता. एरवी तो दारूभट्ट्यांवर पिंपं मोजत हिंडतो. सरकारला माणसं तपासायला दुसरा कोणी सापडला नाही. त्याच्या कागदावर लिहिलेलं, 'एल्स्पेट स्लेटर, विधवा, कोळवाडा'. आता तुला काय सांगायचं! अर्धा कोळवाडा स्लेटर, आणि आपण शेजारी शेजारी, दोघींच्या आया एल्स्पेट. म्हणून तर आम्ही डोसी आणि तुम्ही बॉबिन. बारसं आणि थडगं सोडलं तर इथं खरं नाव घेतं कोण? त्यानं गल्लीत उभं राहून मोठ्यानं नाव पुकारलं, एकीनंही मान वर केली नाही. त्याला डोसी कळेना, बॉबिन कळेना. म्हणे सरकारी कागदावर टोपणनावाला जागा नसते. काहीतरी घोळ घालून गेलाय बहुतेक. बघू.

माझा हात बरा आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. गेल्या हिवाळ्यात हेरिंग मासे चिरताना बोट कापलं, जखमेत मीठ गेलं आणि पार कोपरापर्यंत सूज आली. म्हणून यंदा यार्मथला मासे चिरायच्या हंगामाला गेले नाही. आपल्या जागी दोन नव्या पोरी गेल्यात. चिरतात म्हणे बऱ्या.

जेसी

पोर्टकार्न, ४ जानेवारी १९०९

बाबी,

शुक्रवारी पहिली पेन्शन मिळाली. आमच्या आईनं लग्नातले हातमोजे काढले. मी म्हटलं, "अगं, राजाला भेटायला चाललीस का?" तर म्हणाली, "राजाच देतोय ना? मग?" पोस्टातल्या बाईनं नाणी पुढे सरकवली तर ही उचलेचना. "माझे? परत मागणार नाही ना कोणी?" बाबी, माझी आई रडते हे मी आमचा अलेक बुडाला तेव्हा पाहिलं, आणि परवा.

तुझ्या आईला नाही मिळाली. मी फिरवून फिरवून लिहिणार होते, पण मास्तर अजून उठले नाहीत आणि हे तिला तुझ्यापासून लपवायचं नाही. पेन्शनच्या समितीचा कागद आला. गेल्या फेब्रुवारीत तिनं पॅरिशचं पीठ घेतलं असं त्यात लिहिलंय. डोकं फिरलंय या लोकांचं. दारू मोजणाऱ्याला माणूस काय कळणार? लंडनात बसून कायदे करायचे आणि कोळवाड्यातल्या म्हातारीच्या ताटात हात घालायचा! असो. मी चिडले की मला भान राहत नाही, हे तुला ठाऊक आहे.

वाईट वाटलं ते पुढचं. पोस्टाच्या दारातच आमच्या आईनं तुझ्या आईला गाठलं. सगळा कोळवाडा जमला होता.

"बॉबिन, जन्मभर भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि तू पॅरिशच्या दारात भांडं घेऊन गेलीस? मला कळूही दिलं नाहीस?"

"मी नाही गं गेले."

"मग साहेबापुढं हो का म्हणालीस?"

"त्यानं विचारलं, हिवाळ्यात पीठ मिळालं का. मिळालं होतं. कुठून आलं ते मी कधी विचारलं नाही."

"वा! पीठ काय आभाळातून पडतं?"

सगळे हसले. तुझ्या आईनं शाल सारखी केली आणि घरी गेली. काल चर्चमध्ये आमच्या आईनं बाक बदललं. लग्न होऊन दोघी इथं आल्या तेव्हापासून त्या बाकावर जोडीनं बसत होत्या. आता तुझी आई तिथं एकटी.

मी तिथंच होते. काही बोलले नाही. दोन म्हाताऱ्यांच्या मधे मी कशाला पडू?

जेसी

पोर्टकार्न, १ मार्च १९०९

बाबी,

तुझं पत्र आलं. तू एवढं लिहिशील असं वाटलं नव्हतं. आमच्या अलेकशी ठरलेलं लग्न मोडून दुसऱ्याबरोबर कॅनडाला गेल्याबद्दल तू माझी माफी मागितलीस. मागायला नको होतीस. त्या दिवशी स्टेशनवर मी तुला म्हणाले होते, "तो बुडाला तर त्याचं पाप तुझ्या माथी," आणि तो त्याच हिवाळ्यात बुडाला. वादळानं बुडाला, बाबी. सबंध होडी गेली. बाकीच्या पाच जणांची लग्नं काही तू मोडली नव्हतीस.

तू लिहितेस, "जेसी, तू वर जाऊन पॅरिशच्या इन्स्पेक्टरला भेट. तू धीट आहेस. तुझ्यावर माझा भरवसा आहे." हे मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आहेच ती धीट." मग माझ्याकडे बघत बसली.

मी गेले होते. इन्स्पेक्टर भेटला नाही.

तुझ्या आईनं पुन्हा पाठीवर करंडा, माशांची ती टोपली, घेतलाय. पहाटे होड्यांवरून हॅडॉक घेते, वरच्या शेतांवर दारोदार फिरते आणि माशांच्या बदल्यात अंडी, पीठ आणते. या वयात, या वाऱ्यात. मी करंडा उचलू लागले तर म्हणाली, "राहू दे. एक विचारू? गेल्या हिवाळ्यात तू मला वाटीभर पीठ आणून द्यायचीस, ते कुठलं होतं गं?"

मी म्हटलं, "कुठलं असणार? आमच्या घरचं."

"हं," म्हणाली. "छान होतं. खडा नव्हता एकही." आणि निघाली.

सध्या मला जेवण जात नाही. आई म्हणते जंत झाले असतील.

जेसी

पोर्टकार्न, २६ मे १९०९, बुधवार

बाबी,

मी इन्स्पेक्टरकडे गेलेच नव्हते. वेशीपर्यंत गेले, तिथल्या दगडावर बसले आणि परत आले.

सगळं सांगते, मला मधे थांबवायला तू इथं नाहीस तेच बरं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझा हात सुजून भोपळा झाला होता. काम नाही, घरात पीठ नाही. पॅरिशकडे गेले तर इन्स्पेक्टर म्हणाला, "तू तरणीताठी आहेस, तुला कायद्यानं मिळणार नाही. म्हातारं कोणी आहे का घरात?" मी आईचं नाव सांगितलं. एल्स्पेट स्लेटर, विधवा, कोळवाडा. हात बरा होईपर्यंत पीठ मिळत राहिलं. आईला कसं सांगणार? ती उपाशी मेली असती पण पॅरिशच्या पिठाला शिवली नसती. मी तिला म्हटलं, व्यापाऱ्यानं पुढच्या हंगामाचा विसार आगाऊ दिलाय. हेरिंगचे व्यापारी आपल्याला विसार देतातच, तिला खरं वाटलं. ती म्हणाली, "देव त्याच्या पिंपांना बरकत देवो." बिचारी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. त्याच पिठातली वाटी मी तुझ्या आईला द्यायचे. तिच्याही घरात काही नव्हतं.

कायदा तेव्हा झालाही नव्हता. या पिठापायी पुढे काय होईल हे मला काय माहीत! इथवर मी स्वतःला माफ करते. पुढचं नाही करता येत.

साहेब आधी आमच्याच दारात आला होता. "फेब्रुवारीत पॅरिशचं धान्य घेतलेली एल्स्पेट स्लेटर तुम्हीच का?" आईनं विणकाम खाली टाकलं. "पॅरिश? माझ्या घरात? अहो, माझा नवरा समुद्रानं नेला, मुलगा समुद्रानं नेला, पण हात मी कुणापुढं पसरला नाही. पुन्हा तो शब्द काढलात तर मासे धुतलेलं पाणी ओतीन अंगावर!" साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी बोलू शकले असते. नुसतं 'साहेब, जरा बाहेर या' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी खाली पडलेलं विणकाम उचलत राहिले. तो म्हणाला, "मग शेजारची असेल," आणि तुमचं दार वाजवलं.

भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं, तुला माहीत आहे. "हिवाळ्यात पीठ मिळालं होतं का?" आणि तुझी आई, "मिळालं होतं हो. देव देणाऱ्याचं भलं करो."

त्या क्षणी मला काय वाटलं तेही लिहिते. वाटलं, हिची मुलगी आहे ना परदेशात, तिनं बघावं. माझ्या भावाला टाकून गेली ना, मग आता थोडं तिलाही सोसू दे. म्हणजे फक्त भीती नव्हती, बाबी. तुझ्यावरचा सूड होता. तो मी तुझ्या आईवर काढला, जिनं मला जेवू घातलंय, न्हाऊ घातलंय. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं खाल्लं एकीनं, खवखवलं मला, आणि उपाशी राहिली तिसरीच.

मागच्या आठवड्यात तुझी आई करंड्यासकट वरच्या उतारावर पडली. हाड मोडलं नाही, पण आता करंडा पाठीवर बसत नाही. डॉक्टर म्हणाला, शहरात पॅरिशचा गरीबखाना आहे, निराधारांना ठेवतात, तिथं जा. तिनं हो म्हटलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पीठ द्यायला सुरुवात केली होती. तिनं एकीकडूनही घेतलं नाही. "नको गं. दिलेल्या पिठाची मला भीती बसलीय."

उद्या तिला न्यायला शहरातून गाडी येणार आहे.

हे पत्र आत्ता पेटीत टाकते आणि मग आईला सांगते. आधी तुला लिहिलं, कारण मी स्वतःला ओळखते. एकदा पत्र पेटीत पडलं की मला वेशीवरच्या दगडावरून परत फिरता येणार नाही.

जेसी

पोर्टकार्न, २० सप्टेंबर १९०९

बाबी,

"सांगितलंस ते बरं केलंस. आता मला लिहू नकोस." तुझं पत्र तेवढंच होतं. बरोबर आहे तुझं. पण मास्तर जुलैत वारले आणि नवा मास्तर तुझ्या आईला आवडत नाही. "शिंगं रोखल्यासारखा बोलतो," म्हणते. त्यामुळे लिहायला मीच. तिचा निरोप आधी: तिला पेन्शन मिळते. ऑगस्टपासून. समितीनं चूक झाली असं कागदावर लिहून दिलं. पहिल्या शुक्रवारी तिनं चहाची पूड विकत घेतली आणि तपकीर. गुडघे तसेच आहेत. धाकट्याला तिच्यातर्फे मुका दे.

पुढचं तिनं लिहू नकोस म्हटलंय. मी लिहितेय.

त्या बुधवारी पत्र टाकून मी घरी आले आणि आईसमोर बसून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, हातातलं काहीतरी फेकून मारेल. तिनं मोजा विणायचा थांबवला नाही. टाका संपला तेव्हा म्हणाली, "मी खाल्लं?"

"हो."

"आणि बॉबिनला मी पोस्टासमोर..." उठली आणि झोपायला गेली.

सकाळी बघते तर अंथरूण रिकामं. बाहेर गाडी उभी होती आणि आमची आई काळं टोपडं घालून, गाठोडं मांडीवर घेऊन गाडीत बसलेली. गाडीवान चिठ्ठी वाचत होता. "एल्स्पेट स्लेटर, विधवा?"

"मीच. हाक."

तेवढ्यात तुझी आई काठी टेकत दाराबाहेर आली. "अगं ए डोसी! उतर खाली. म्हातारपणी हा काय तमाशा?"

"तमाशा कसला? चिठ्ठीवर माझं नाव आहे."

"माझं आहे ते!"

"माझंही आहे. बारशापासून."

गाडीवान बिचारा दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. "आज्ये, दोघी एल्स्पेट स्लेटर? मग न्यायचं कुणाला?"

"जिनं पॅरिशचं खाल्लं तिला," आई म्हणाली. तोवर बायका दारादारांत आल्या होत्या. ती गाडीत उभी राहिली. "ऐका गं सगळ्याजणी, पुन्हा सांगणार नाही. पॅरिशचं पीठ मी खाल्लं. बॉबिननं नाही. आणि पेन्शन खाल्ली तीही मीच."

"त्यातलं मीही खाल्लं की!" तुझी आई ओरडली.

"तू शेजारणीचं खाल्लंस. मी पॅरिशचं. चल रे बाबा."

मी चाक धरलं. आई, उतर, मी काम करीन, दोन हंगाम करीन, तुला काही कमी पडू देणार नाही, असं काय काय म्हणाले. रडत होते, शब्द नीट फुटत नव्हते. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. गाडीवानालाच म्हणाली, "हिचा हात दुखावलेला आहे, जपून हाक."

त्याच दिवशी मी वर गेले. दगडावर बसले नाही. इन्स्पेक्टरला सांगितलं, समितीपुढं सांगितलं, दारूवाल्या साहेबालाही सांगितलं. साहेब कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, तेव्हा एक शब्द बोलली असतीस तर!" मला कोणी शिक्षा केली नाही. फक्त कोळवाड्यात मी आले की बोलणं थांबतं. ते ठीक आहे. त्याचं मला काही नाही.

मी तीनदा गरीबखान्यात गेले. आई फाटकाशी आली नाही. पहारेकरीण सांगते की ती बरी आहे, कपडे धुते, दुसऱ्या म्हाताऱ्यांना विणायला शिकवते. घरी यायला तिला कोणी अडवलेलं नाही. ती येत नाही.

तुझी आई मात्र दर शुक्रवारी पेन्शन घेतली की माशांच्या गाडीवर बसून तिला भेटायला जाते. दोघी अंगणातल्या बाकावर बसतात म्हणे. संध्याकाळी ती परत येते तेव्हा मी रस्त्याच्या तोंडाशी उभी असते. इतके दिवस ती गाडीतून उतरता उतरताच मान हलवायची. "नाही गं पोरी. आज तुझं नाव काढलं नाही."

माझा राग ती करत नाही. केला असता तर बरं झालं असतं. मागे एकदा मी विचारलं, "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना?" तर म्हणाली, "पीठ फुकट येत नाही एवढं मला कळतं." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? "मी बोलले असते तर डोसी मेली असती लाजेनं. मला वाटलं, तू बोलशील. आज नाही तर उद्या. तू बोलशील म्हणून मी थांबले." बाबी, ती थांबली होती माझ्यासाठी, आणि करंडा घेऊन चढ चढत होती.

येत्या सोमवारी मी यार्मथला जातेय. विसार घेतलाय, या वेळी खरा. परवाच्या शुक्रवारी तुझ्या आईला म्हटलं, आईला सांगा मी निघाले, काही हवं असेल तर सांग म्हणावं. काही निरोप असेल तर तोही.

संध्याकाळी गाडीतून उतरली. मान हलवली नाही. माझ्या दंडाला धरून म्हणाली, "दिलाय निरोप. पण तू आधी बस खाली."

मी उभीच राहिले. "सांगा."

"म्हणाली, जेसीला सांग, इथली पेज पातळ असते. पण ती कुठली आहे ते मला माहीत आहे."

जेसी